वैरागची सोजर

"मामा, पाया पडते तुमच्या, आता बोलू नका. चार तांबे पाणी हाय पोटात."

जयमाला भिंतीला पाठ लावून, दोन्ही गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवून बसली होती. शेजारच्या दोघी तोंडाला पदर लावून गदगद हलत होत्या. आणि मी हातात पाण्याचा जग घेऊन बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेची गोष्ट ऐन रंगात आणली होती.

"अगं, पुढचं तर ऐक. चढ लागला की इंजिन तहानायचं. मग गार्ड खाली उतरून वरडायचा, ज्याच्याकडं पाणी आसंल त्यानं इंजिनात वता! लोक आपापले तांबे घेऊन पळायचे. आमच्या आज्यानं एकदा घाईत ताकाची चरवी वतली. इंजिन कुर्डुवाडीपातुर ढेकरा देत गेलं."

"मामाऽऽ! मी उठून जाईन हां!"

काचेचं दार उघडून डॉक्टर हिरेमठ बाई बाहेर डोकावल्या. "सुरवसे मामा, किती वेळा सांगायचं तुम्हाला? पोट भरलेल्या बायकांना हसवायचं नाही. गेल्या आठवड्यात एक जण अर्ध्यातून पळाली. पुन्हा पाणी प्या, पुन्हा दोन तास बसा. कुणाला त्रास झाला?"

"मला, बाई. मलाच परत पाणी भरावं लागलं."

बाईंनी हसू दाबलं आणि दार लावून घेतलं.

या गोष्टीला तेरा वर्षं झाली. सूतगिरणी बंद पडल्यावर बाईंनी मला त्यांच्या सोनोग्राफी सेंटरवर ठेवून घेतलं होतं. माझी कामं दोन. आलेल्याचं नाव, गाव, वय लिहून घ्यायचं आणि पाणी पाजायचं. दिवस राहिल्यावर पहिल्या पहिल्या सोनोग्राफीला लघवीची पिशवी भरलेली लागते, त्याशिवाय आतलं नीट दिसत नाही. त्यामुळं आमच्या हॉलमध्ये सकाळपासून दहा-बारा जणी तटतटून बसलेल्या असायच्या. त्यांचा जीव रमवायचं तिसरं काम मी माझ्या मनानं घेतलं होतं.

चौथं काम लोकांनी दिलं होतं.

बाई हुशार, बोलायला मऊ. पण त्यांच्या बोलण्यात 'नक्की' हा शब्द नसायचा. 'शक्यता आहे', 'बहुतेक', 'आत्ता तरी असं दिसतंय'. आमच्याकडच्या माणसाला असल्या बोलण्यावर पाय ठेवता येत नाही. तो आत मान डोलावतो, हो बाई, बरं बाई म्हणतो, बाहेर येतो, चपला घालता घालता माझ्याजवळ थांबतो आणि म्हणतो, "मामा, आता खरं काय ते सांगा." मला मशीन कळत नव्हतं, रिपोर्ट वाचता येत नव्हता. पण मी त्यांच्यातला होतो आणि आतल्या बाजूचा होतो. मुलगा का मुलगी एवढं सोडून मी काहीही सांगत असे. ते विचारणाऱ्याला मात्र भिंतीवरची पाटी दाखवून बाहेरची वाट दाखवायचो, त्यात कधी हयगय केली नाही.

जयमालाला मी आधीपासून ओळखत होतो. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायची. कडक भाकरी करून विकायची. तिची भाकरी महिनाभर टिकायची आणि पापडासारखी मोडायची. नवरा काशिनाथ, जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं, रिवाइंडिंगचं दुकान. लग्नाला चौदा वर्षं झालेली, तिला सदतिसावं लागलेलं. दोनदा राहिलं होतं आणि दोनदा तिसऱ्या महिन्याच्या आत गेलं होतं. हे तिसरं.

त्या दिवशी ती आत गेली तेव्हा सातवा आठवडा चालू होता. थोड्या वेळानं बाईंनी काशिनाथलाही आत बोलावलं. मी फाइल द्यायचं निमित्त करून दारात उभा राहिलो. पडद्यावर काळ्या डबक्यात तांदळाएवढं काहीतरी होतं आणि ते लुकलुकत होतं.

"ते लुकलुकतंय ना, तो ठोका," बाई म्हणाल्या. "मिनिटाला एकशे चाळीसच्या आसपास. चांगला आहे."

काशिनाथ पडद्याच्या इतका जवळ गेला की बाईंनी त्याला खांद्याला धरून मागं घेतलं. "एकशे चाळीस!" तो म्हणाला. "एवढ्याशा वाइंडिंगवर?"

जयमाला पडल्या पडल्या हसायला लागली आणि हसता हसता, "बाई, मला सोडा, मला जाऊ द्या," म्हणून एका हातानं साडी धरून पळाली.

बाराव्या आठवड्यात ती पुन्हा आली. या वेळी आत बराच वेळ लागला. बाईंनी तिला कुशीवर वळवलं, उठवून चालायला लावलं, पुन्हा झोपवलं. मग हातातून रक्त काढून घेतलं आणि ते पुण्याला पाठवलं. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. त्या दिवशी हॉलमध्ये गर्दी नव्हती. दोघांना बाईंनी खुर्चीवर बसवलं, मला दार लावायला सांगितलं. मी लावलं, पण आतून.

"बाळाच्या मानेमागं थोडं पाणी असतं," बाई म्हणाल्या. "सगळ्याच बाळांच्या असतं. तुमच्या बाळाचं जरा जास्त दिसतंय. ते माप, तुमचं वय आणि रक्ताचा रिपोर्ट मिळून आकडा आलाय चाळीसात एक. म्हणजे असा रिपोर्ट आलेल्या चाळीस बायका असल्या, तर त्यातल्या एकीच्या बाळात जन्माचा दोष निघतो. एकोणचाळीस जणींच्या निघत नाही."

"मग आपण कुठल्यात, बाई?" काशिनाथनं विचारलं.

"तेच या तपासणीला सांगता येत नाही. ही चाळणी आहे नुसती. नक्की कळायचं असेल तर सोळाव्या आठवड्यात पुण्याला जावं लागेल. पोटातून बारीक सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढतात आणि तपासतात."

"सुई?" जयमालानं पोटावर हात ठेवला. "त्यानं काय होत न्हाई ना?"

"शंभरात एखादीचं पडू शकतं. त्याहूनही कमी."

"माझं दोनदा गेलंय, बाई."

"ठाऊक आहे. म्हणून मी कराच असं म्हणत नाही, आणि करू नका असंही म्हणत नाही. तुम्ही दोघं घरी जाऊन बोला. कळलं म्हणजे पाडायचंच, असं काही नाही. काही जणींना आधी कळलेलं बरं वाटतं, तयारी करता येते. काही जणींना नको वाटतं. दोन्ही बरोबर आहे." मग बाईंनी पेन खाली ठेवलं. "पण एक मात्र ऐका. सुई नको असली तरी पाचव्या महिन्यात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. मानेमागं पाणी जास्त असलं की कधी कधी हृदयात काहीतरी निघतं. त्यात सुई नाही, धोका नाही. ती चुकवू नका."

दोघांनी मान डोलावली. हो बाई. बरं बाई.

बाहेर आल्यावर जयमाला बाकावर बसली, एका कडेला. काशिनाथ उभाच राहिला, रिपोर्टचा कागद उलटा धरून. मी विचारलं नव्हतं तरी पाणी दिलं. तिनं ग्लास हातात घेतला, प्यायली नाही.

"मामा," ती म्हणाली, "बाईंनी सांगितलं ते ऐकलं मी. आता खरं काय ते तुमी सांगा."

बाई काय ते खरं सांगून चुकल्या होत्या. माझ्याकडं त्यात घालण्यासारखं काही नव्हतं. पण तिचा हात थरथरत होता, ग्लासातलं पाणी हिंदकळून साडीवर सांडत होतं, आणि ते तिला कळतही नव्हतं. मला ते बघवेना. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो.

"वैरागची सोजर तुला ठावं हाय का?"

"कोण सोजर?"

मलाही ती त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हती.

"सोजर. माळ्याच्या गल्लीत ऱ्हाती. डाव्या गालावर भाजल्याचा डाग, नवरा पायानं जरा अधू. बाईंनी हे सेंटर काढलं त्याच वर्साला आली हुती. तिचंबी आसंच, मानंमागं पाणी. तुझा तर चाळीसात एक हाय, तिचा विसात एक आला हुता."

"विसात?" काशिनाथ वाकला.

"विसात. बाईंनी तिलाबी सांगितलं, पुण्याला जा, सुई घाल. तिची सासू म्हणाली, जायाचं. नवरा म्हणाला, जायाचं. सोजर म्हणाली, मी न्हाई. घरी गेली, कांदे काढायला लागली."

"मग?"

"मग काय? पोरगं झालं. साडेतीन किलोचं. आता आठ वर्साचं हाय, तालमीत जातंय. मानंमागं पाणी म्हणं! आता त्याची मान खाली दाबायला चार गडी लागत्यात."

जयमाला हसली. आधी नुसते ओठ हलले, मग खांदे. तिनं ते पाणी एका दमात पिऊन टाकलं.

"नाव काय त्याचं?" तिनं विचारलं.

"हणमंत."

"काय खात हुती ती? सोजर?"

"ती व्हय? साधंच सगळं. ज्वारीची भाकरी, शेपूची भाजी. रोज सकाळी भिजवलेले शेंगदाणे मूठभर. जास्त उन्हात न्हाई गेली म्हणं."

"बघ," काशिनाथ म्हणाला. "उगं पुण्याला जायाचं, सुया घ्यायच्या. मामानं एवढ्या बाया बघितल्यात." त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. सुईचं तिथल्या तिथं ठरलं.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर कदाचित आज हे लिहायला बसलो नसतो. सुई नको, हे ठरवायचा त्यांना हक्क होता, बाईंनीच तसं सांगितलं होतं. पण जयमाला उठता उठता थांबली.

"आनि मामा, ती दुसरी? पाचव्या म्हैन्यातली, हृदयाची? ती केली हुती का सोजरनं?"

थाप मारणाऱ्याला एक खोड असते. त्याला आपलं माणूस अर्ध्यावर बदलायला आवडत नाही. सोजर हट्टी होती. ती कांदे काढायला गेली होती. ती पाचव्या महिन्यात मुकाट्यानं येऊन पाणी पीत आमच्या बाकावर बसली असती, तर सगळी गोष्टच ढिली पडली असती.

"सोजर कशाला येती?" मी म्हणालो. "ती म्हणाली, एकदा त्या मशिनीनं भ्या घातलं, आता परत तिच्या दारात न्हाई जायाची. सारखं सारखं बघितलं तर लेकराला नजर लागंल. जी गेली ती थेट बाळंत व्हायलाच."

जयमालानं मान डोलावली. माझ्यापुढं तिनं डोलावलेली मान आणि बाईंपुढं डोलावलेली मान, यातला फरक मला चांगला कळत होता.

पाचवा महिना आला. एका दुपारी बाई रजिस्टर चाळत बाहेर आल्या. "मामा, त्या जयमाला आल्या नाहीत. वीस आठवडे होऊन गेले. फोन करा त्यांना. म्हणावं, मी मुद्दाम बोलावलंय."

मी फोन उचलला. नंबर फिरवायच्या आधी मनात जुळणी केली : जयमाला, ये, हृदयाची सोनोग्राफी करून जा. ती विचारणार, सोजरनं तर केली नव्हती. मग मी काय म्हणणार? मी फोन खाली ठेवला आणि आत जाऊन सांगितलं, "बाई, त्या माहेरी गेल्यात. तिकडंच केली म्हणं. सगळं नॉर्मल हाय."

"रिपोर्ट पाहिला कुणी?"

"नॉर्मल हाय म्हणाल्या."

बाईंनी रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं. त्या दिवशी जयमाला आमच्या गल्लीतच होती. संध्याकाळी घरी जाताना तिच्या दारावरून गेलो. चूल पेटलेली, तव्यावर भाकरी. "मामा, घ्या की गरम गरम," म्हणून तिनं हाक मारली. मी खाल्ली.

सातव्यात ती खरोखरच माहेरी गेली. दिवस भरल्यावर मुलगी झाली. पेढे माझ्या घरीही आले. मी बायकोला म्हणालो, बघ, मी म्हणत नव्हतो? पेढे संपायच्या आत दुसरी बातमी आली.

ती मला काशिनाथनं सांगितली, पंधरा दिवसांनी, त्याच्या दुकानात. समोर एक उघडी मोटार पडलेली होती आणि तो तिच्यातली तार उगाच उलगडत बसला होता.

"दोन दिस झ्याक हुती, मामा. दूध प्यायली. तिसऱ्या दिवशी सकाळी ओठ निळे. नखं निळी. तिथल्या डॉक्टरनं म्हणं पुण्याला न्या. नेली. पण पोचूस्तोवर..." त्यानं तार तोडली. "हृदयाची एक वाट जन्मतःच बंद हुती. जन्मायच्या आधी चालतं म्हणं तसं, पण भाएर आल्यावर दोन-तीन दिसांत सगळंच बंद व्हतं. चौथ्या दिवशी गेली."

"त्यांच्याकडं इलाज..."

"हुता की. तिथला डॉक्टर म्हणाला, पोटात असतानाच कळलं असतं, तर बाळंतपण हितंच केलं असतं. पहिल्या तासाला औषध चालू केलं असतं, मग ऑपरेशन. वाचलीच असती असं न्हाई म्हणाला. पण संधी हुती म्हणाला." त्यानं तुटलेली तार गुंडाळून बाजूला ठेवली. "तुमचा काय दोष त्यात, मामा? तुमी तर जे बघितलं ते सांगितलं."

मी तेव्हाच खरं सांगायला पाहिजे होतं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. मी मोटारीकडं बघितलं आणि विचारलं, "ही कुणाची?"

दोन महिन्यांनी जयमाला सेंटरवर आली. नंबर लावायला नव्हे. बाक भरलेला होता, तरी बायकांनी सरकून तिला जागा दिली. ती बसली नाही, माझ्याजवळ आली.

"मामा, त्या सोजरचा पत्ता द्या."

"कशाला गं?"

"तिला भेटायचंय. तिनं काय काय पाळलं ते नीट इच्यारायचंय." ती हळू बोलत होती, हिशेब सांगावा तशी. "तिचा विसात एक हुता, तरी तिचं पोरगं धडधाकट. माझा चाळीसात. म्हंजे माझंच कायतरी चुकलं. शेंगदाणे मी रोज खाल्ले. शेपू खाल्ली. पण उन्हाचं न्हाई जमलं मामा, भाकरी वाळत घालायला जावंच लागायचं. आनि सातव्यात एकदा चंद्राला गिराण लागलं हुतं, तवा मी विळीवर कांदा चिरला. इसरले हुते. त्यानं झालं आसंल का? सोजरला इच्यारते."

हॉलमधल्या बायका ऐकत होत्या. एक नवी पोरगी, हातात पाण्याचा ग्लास, माझ्या तोंडाकडं बघत होती. काचेच्या दारापलीकडं बाई होत्या. चार पावलं.

"सोजर आता वैरागला न्हाई," मी म्हणालो. "भिवंडीला गेली. नवरा तिकडं यंत्रमागावर कामाला लागलाय."

"कवा?"

"गेल्या दिवाळीला."

तिनं मान हलवली आणि निघून गेली. मला वाटलं, संपलं. पुढच्या पेशंटला मी पाणी दिलं.

महिनाभरानं काशिनाथ सकाळीच घरी आला. "मामा, तुमी तिला जरा समजवा. चार बाजार झाले, ती वैरागला जातीय. म्हणती, भिवंडीला गेली आसंल, पण सासू-सासरं तर हितं आसतील, ते पत्ता देतील. दिवसभर फिरती. सांजच्याला येती. भाकरीचं सगळं बंद पडलंय. माझं ऐकंना, तुमचं ऐकंल."

त्याच आठवड्यात, बाजारच्या दिवशी, मी सुट्टी घेऊन वैरागच्या गाडीत बसलो. रस्ताभर ठरवलं : एकच वाक्य बोलायचं. मागंपुढं काही लावायचं नाही.

ती कांद्याच्या ढिगांजवळ सापडली, एका म्हातारीशी बोलत होती. मला बघून तिचं तोंड उजळलं. किती दिवसांनी ते तसं बघत होतो.

"मामा! तुमी आलात? बरं झालं. ह्या आजीला म्हायती हाय. सोजर हुती म्हणती हितं, भिवंडीलाच गेली. मी म्हटलं नव्हतं?"

म्हातारी तराजू सावरत म्हणाली, "व्हय, हुती की एक. उंचशी. का ठेंगणी हुती? पण हुती." वैरागलाही माझ्यासारखी माणसं होती तर.

मी जयमालाला बाजूला, एका बंद दुकानाच्या पायरीवर नेलं. बसवलं. मी उभाच राहिलो.

"सोजर नाही," मी म्हणालो.

"नाही म्हंजे? वारली?"

"वारायला असावी लागती. ती नव्हतीच कवा. मी केली ती. तुझा हात थरथरत हुता म्हणून तिथं बाकावर, तुझ्यासमोर बसून केली. विसात एक मी केला. हणमंत मी केला. पाचव्या म्हैन्यात ती आली न्हाई, तेबी मीच. बाईंनी सांगितलेलं खरं हुतं, जयमाला. तू ऊन लागू दिलं, कांदा चिरला, त्यानं काय बी झालं न्हाई. तुझं काय बी चुकलं न्हाई. माझं चुकलं."

एक वाक्य ठरवलं होतं, ते एवढं झालं. ती माझ्याकडं बघत राहिली. मी वाट बघत होतो : ती ओरडेल, पायातली काढून मारेल, मातीत बसून रडेल. त्यातलं काहीही मला चाललं असतं.

ती हसली.

"मामा," ती म्हणाली, "ह्यांनी पाठवलं न्हवं तुमाला?"

"पाठवलं. पण मी सांगतोय ते..."

"मला कळतंय. मी येड्यावानी गावोगाव हिंडती, म्हणून तुमी सोजरलाच पुसून टाकाय निघालात. तुमी लई चांगले हात, मामा."

"जयमाला, देवाशप्पत, मी थाप मारली हुती."

"तुमच्या थापा मला कळत न्हाईत व्हय? थाप मारताना तुमचे डोळे मोठे व्हतात, हात हलतात. तवा न्हवते हलले. गालावरचा डाग सांगितला, नवऱ्याचा पाय सांगितला, पोराचं नाव सांगितलं मी इच्यारल्याबरुबर. मनातनं इतकं कुणी सांगतं व्हय? आनि ही आजीपण म्हणती हुती म्हणून." तिनं माझ्या बाहीवरची धूळ झटकली. "आत्ता मातर तुमचा आवाज थापेचा येतोय."

"मग चल बाईंकडं. आत्ताच्या गाडीनं. तिथं रजिस्टर हाय. पहिल्या वर्षापासूनची सगळी नावं हायत त्यात. वैरागची एकबी सोजर निघाली तर मला सांग."

"आनि बाई तुमाला काढून टाकतील. ह्या वयात. माझ्यापायी? न्हाई बा." ती पदर सावरून उठली. दोन पावलं गेली आणि थांबली. बाजाराचा गलका चालू होता. तिचा आवाज त्यात जेमतेम ऐकू आला. "बरं, मग शपथ घ्या. तिची शपथ घ्या, सोजर न्हाई म्हणून."

पोरीचं बारसं झालं नव्हतं. नाव नव्हतं. म्हणून 'तिची'.

आयुष्यात मी हजार खोट्या शपथा घेतल्या असतील. इंजिनाच्या, आज्याच्या, ग्रामदैवताच्या. ही पहिली खरी होती. मी हात गळ्याकडं नेला. चिमूट धरली. "तिची..." एवढंच तोंडातून निघालं, तोच जयमाला धावत आली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"नको! नको, मामा. खोटी शपथ लागंल तिला."

चार दिवसांची पोर, जाऊन साडेतीन महिने झालेली. जयमाला माझा हात खाली ओढत होती. तिच्या ओढण्यात जोर असा काही नव्हता. माणूस गेल्यावर बाईच्या अंगात उरतो तेवढाच होता. एका हिसड्यात मनगट सुटलं असतं, शपथ पुरी झाली असती, आणि काही केलं तरी तिला ती मानावी लागली असती.

मी हात खाली येऊ दिला.